सव्वीस इंच उंचीची खाट

पंचवटीतल्या भाजीवाल्यांच्या हातगाड्या, दोन शाळांची बाकं, आमच्या कॉलनीतल्या निम्म्या घरांची दारं, विहाराच्या खिडक्या, माझ्या मुलीचा पाळणा आणि पुढे तिच्याच लग्नातलं कपाट... हे सगळं मी या हातांनी केलं. कुणाकडे शिकायला गेलो नाही, बघून बघून शिकलो. आणि या सगळ्याच्या आधी केली ती एक खाट.

परवा ती खाट बघायला एक माणूस आला होता. गंगापूर रोडला रिसॉर्ट काढतोय, जुनं लाकूडकाम शोधत फिरतोय. वर्कशॉप मी बंद करतोय, बोटांनी आणि गुडघ्यांनी एकदमच राजीनामा दिलाय, त्यामुळे असे लोक येतात. "ही एवढी उंच का केली?" हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. सांगून सांगून थकलो... म्हणून एकदाच इथे लिहून टाकतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझी धाकटी बहीण सुजाता नर्सिंगला लागली. मी नववीत शाळा सोडलेली, त्यामुळे तिच्या पांढऱ्या युनिफॉर्मची इस्त्री मीच करायचो. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचो नाही.

पहिल्या वर्षाला त्यांना बेड मेकिंग असायचं. ऐकायला सोपं वाटतं... पण पेशंटला न उठवता त्याच्या अंगाखालची चादर बदलायची, चारही कोपरे पाकिटासारखे दुमडून घट्ट खोचायचे, आणि कुठे एक सुरकुती राहू द्यायची नाही. सुरकुती राहिली की पाठीला जखम होते. आमच्याकडे सगळे जमिनीवर झोपणारे, सुजा सराव करणार कशावर?

"दादा, खाट करून दे. पण वॉर्डात असते तशी. दिवसभर वाकलं की पाठ जाते रे."

मी तिला भिंतीशी सरळ उभं केलं, हात खाली सोडायला लावले आणि जमिनीपासून तळहातापर्यंत टेप लावली. सव्वीस इंच. साधी खाट अठराची असते. बाभळीचे पाय, सागाच्या पट्ट्या, खिळा एकही नाही, सगळे सांधे खाचेत बसवलेले... आजही हलवून बघा, कुरकुरणार नाही.

पेशंट म्हणून आई. आई सायखेड्याची, तिचं तोंड बंद राहणं शक्यच नव्हतं.

"ही खाट हाय का माळा? शिडी आण आधी!"

"पेशंटनं बोलायचं नसतं, आई."

"पेशंट मुका असतो व्हय गं? आन मी धडधाकट हाय, दळण टाकायचं पडलंय मला. उलथीपालथी करती नुसती, भाकरी हाय का मी?"

सुजा हसत हसत तिला या कुशीवरून त्या कुशीवर वळवायची. मी दारात उभा राहून बघायचो. शेवटी ती उशी ठेवायची आणि अभ्र्याचं उघडं तोंड दाराच्या विरुद्ध बाजूला करायची... दरवेळी, न चुकता.

मी एकदा विचारलं, "यानं पेशंटला काय फरक पडतो?"

"पेशंटला नाही पडत. दारातून बघायला येणाऱ्याला पडतो. तो बिचारा आधीच घाबरलेला असतो, त्याला सगळं नीट दिसलं पाहिजे."

दुसऱ्या वर्षाला तिला कावीळ झाली. आधी साधीच वाटली, मग वाढत गेली... शेवटी डॉक्टर म्हणाले, घरी न्या. आम्ही तिला त्याच खाटेवर झोपवलं.

चादर मी बदलायचो. सुजाला कुशीवर घ्यायचं, जुनी चादर पाठीशी गुंडाळायची, नवी पसरायची, मग दुसऱ्या कुशीवर... हेही बघून बघूनच शिकलो होतो.

एका दुपारी मावशी भेटायला येणार होती. मी चादर बदलली, कोपरे खोचले, चारी बाजूंनी हात फिरवून बघितला. काम चोख होतं. सुजाला फारसं बोलता येत नव्हतं... तिनं एक बोट हलवलं, उशीकडे.

"पाणी देऊ? उशी टोचते का?" मान हलली, नाही. मग बोट दाराकडे वळलं, आणि मला कळलं. अभ्र्याचं तोंड दाराकडे आलं होतं. मी तिचं डोकं हातावर घेतलं, उशी फिरवली, पुन्हा टेकवलं.

"आता?"

"पास," ती म्हणाली.

मावशी आली, दारातच थबकली. "किती टापटीप ठेवलंय गं पोरीला," म्हणाली, आणि मग आत येऊन तिच्याशी गावाकडच्या गप्पा मारत बसली, रडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सुजा गेली. विशीसुद्धा गाठली नव्हती...

तर परवाचा तो माणूस. खाटेभोवती दोनदा फिरला, सांधे बघितले, उशी उचलून खालच्या पट्ट्या बघितल्या. "काका, काम एक नंबर आहे. पण एवढी उंच खाट गेस्टला नाही चालत. पाय आठ इंच कापून द्या, लगेच उचलतो."

कापायला मला कितीसा वेळ लागणार... करवत समोरच टांगलेली होती. ते आठ इंच कुणाचे आहेत, हे त्याला सांगायचं त्राण नव्हतं. त्यानं उशी उलटी ठेवली होती, तेवढी मी फिरवली.

साठ हजार देत होता. नाही म्हटलं.