आडवा ठेवलेला दगड

आम्ही गाव सोडलं तेव्हा माझा बाप रस्त्यापर्यंत चालत आला. भामरागडच्या आतल्या आमच्या गावाहून बसच्या रस्त्याला यायला अर्धा दिवस लागायचा. माझ्या कडेवर दोन वर्षांचा बिरजू, नवऱ्याच्या डोक्यावर भांड्यांचं गाठोडं. नवऱ्याच्या पाठीवरचे वळ अजून ओले होते. एका बाजूच्या बंदूकवाल्यांनी येऊन भात मागितला होता, दुसऱ्या बाजूच्या बंदूकवाल्यांनी येऊन तो का दिला म्हणून मारलं होतं. तिसऱ्यांदा कोण येतं याची वाट बघायची नव्हती. बस आली तेव्हा बाप एवढंच बोलला, "कुठंही राबा. दगड इथंच लागेल."

आमच्यात माणूस गेला की गावाच्या कडेला त्याच्या नावाचा दगड उभा करतात. नदीतून मोठा दगड निवडायचा, खांद्यावर आणायचा आणि रोवायचा. मग गेलेल्याला जागा मिळते, तो भटकत नाही, कोणाला त्रास देत नाही. बापाच्या बोलण्याचा अर्थ तो होता. मेल्यावर आम्ही गावाचेच, असं त्याने सांगितलं.

जे गावात राहिलात त्यांच्यासाठी हे लिहिते आहे, आणि जे माझ्यासारखे घुग्घुसला, बल्लारपूरला, हैदराबादला गेलात त्यांच्यासाठीही. दगडाबद्दल गावात दोन तऱ्हेचं बोललं जातं. जे झालं ते असं आहे.

चंद्रपूरजवळ घुग्घुसला नवरा कोळशाच्या वॅगनी भरायचा. मी चार घरची धुणीभांडी केली. गावात झाडाची पानं धुवून घ्यावी लागत नव्हती, इथं भाजी तीन पाण्यांतून काढली तरी पाणी काळं. पण दाराशी येऊन भात मागणारं कोणी नव्हतं. मुलगी शेवंता इथंच झाली. बिरजू बारावी झाला, कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि सिमेंटच्या कारखान्यात ट्रक तोलायच्या काट्यावर कंत्राटात लागला. नवरा छातीच्या दुखण्याने गेला तेव्हा आम्ही त्याला गावाला नेलं. माझा दीर मासा आणि सहा जण नदीतून दगड घेऊन आले. त्यात बिरजूचाही खांदा होता. दोन दिवस खांदा सुजलेला, आणि मासा त्याला चिडवत होता, "काट्यावर बसून बसून खांदे लोण्याचे झाले तुझे."

मग कंत्राट संपलं. नागपूरच्या एका एजंटाने त्याला बँकॉकची नोकरी सांगितली. हॉटेलचं बुकिंग, कॉम्प्युटरचं काम. घुग्घुसच्या स्टँडवर तो मला म्हणाला, "आई, दोन वरसात येतो. तोंड काऊन पाडून राह्यली?" मी म्हटलं, "जेवत जा."

बँकॉकहून एकच फोन आला. पुढचा फोन नदीपलीकडून होता. त्याला आणि बरोबरच्या पोरांना गाडीत घालून नेलं, नदी ओलांडली आणि पासपोर्ट काढून घेतले. तो ब्रह्मदेश निघाला. त्याला आता म्यानमार म्हणतात. उंच भिंतीच्या आत शेकडो पोरं, समोर कॉम्प्युटर, आणि बाई असल्याचं सोंग करून परदेशातल्या लोकांना फसवायचं काम. कमी फसवलं तर मार. बिरजू हळू आवाजात म्हणाला, "इथी फौजेचं राज आहे आई. पण दारावर फौज नाई, दुसरेच बंदूकवाले आहेत." असे चार फोन आले. पाचवा आला नाही.

चंद्रपूरच्या सरकारी कचेरीत अर्ज दिला. साहेब भला होता, नकाशा काढून समजावलं. त्या देशात फौजेने निवडून आलेल्यांना तुरुंगात टाकलं आहे. बोलणाऱ्याला उचलतात, गावांवर विमानातून बाँब टाकतात. बरेच देश त्यांच्याशी नीट बोलत नाहीत. आपलं सरकार बोलतं, पण जपून, कारण सरहद्द लागून आहे. आपण पत्र लिहिलं की फौज म्हणते, तो भाग आमच्या हातात नाही. तिथल्या टोळीला विचारलं की ती म्हणते, फौजेला विचारा.

मी म्हटलं, "साहेब, हे मले समजवू नका. हे मी पाहून आली."

फोन बंद होऊन वर्ष होत आलं. गावाकडे त्या उन्हाळ्यात मासाच्या दोन म्हशी मेल्या आणि त्याची सून तापाने उठेना. गावच्या पुजाऱ्याने, आमच्या गायत्याने, सांगितलं की बिरजू भटकतो आहे, त्याला जागा द्या. मला विचारलं नाही. आई नाहीच म्हणणार, तिला कशाला दुखवा, असं त्यांनी ठरवलं. सात जणांनी दगड आणला आणि माझ्या नवऱ्याच्या दगडाशेजारी बिरजूचा दगड उभा केला. चांगला मोठा दगड. मायेने केलं, हे मी मान्य करते.

पुढच्याच महिन्यात हवालदार चौकशीला गावात गेला, कारण पासपोर्टवर पत्ता गावचा होता. मासा त्याला मानाने दगडापाशी घेऊन गेला. हवालदाराने लिहून घेतलं.

मग टीव्हीवर आलं की पोरं सोडवली, विमान आलं. मी आणि शेवंता कचेरीत पळालो. यादीत बिरजू नव्हता. कारकुनाने फाईल उघडली आणि म्हणाला, "बाई, रिपोर्टमध्ये तर लिहिलं आहे, घरच्यांनी क्रियाकर्म केलं. मेलेला माणूस सरकार कुठून मागेल?"

त्या रिपोर्टमुळे नाव गेलं की ते आधीपासूनच नव्हतं, हे आजवर कोणी सांगितलेलं नाही. विचारलं की ते दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवतात.

आठ दिवसांनी त्या विमानातून परतलेल्या तेलंगणाच्या एका मुलाचा फोन आला. बिरजूने त्याला शेवंताचा नंबर पाठ करायला लावला होता. तो म्हणाला, सुटकेची बातमी आली तेव्हा मालकांनी काही जणांना ट्रकमध्ये भरून आणखी आत नेलं. बिरजू त्या ट्रकमध्ये होता. एका पायात चप्पल नव्हती. मी दिवस मोजले. गावात दगड उभा होता तेव्हा माझा मुलगा ट्रकमध्ये जिवंत बसला होता.

मी गावाला गेले. आता बस गावापासून तासाभरावर थांबते. मासा अंगणात होता. मी पाणीही घेतलं नाही.

"कोणी सांगितलं तुले तो मेला म्हणून?"

"घरात आजार होता, बाई. तू तिकडे शहरात. इथी आम्ही काय करावं?"

"मले विचारावं. फोन नाई तुझ्याकडे? लग्नाचे फोटो तर बरोबर पाठवतो."

गायता म्हणाला, एकदा उभा केलेला दगड कोणी पाडत नाही. मी म्हटलं, जिवंत माणसाचा दगडही कोणी उभा करत नाही, तुम्ही केला. गायता दगडापर्यंत जाऊन तो पाहून आला. मग म्हणाला, "पाडायचा नाई. निजवू." ज्या सात जणांनी उभा केला त्यांनीच तो दोर लावून हळूहळू आडवा केला. मासाने त्यावर तांदूळ टाकले आणि दगडाला सांगितलं, चूक आमची, तू पडून राहा.

मी हवालदाराला बोलावणं पाठवलं. तो दोन आठवड्यांनी आला आणि दगडाभोवती फिरला.

"बाई, आता याचा काय रिपोर्ट लिहू?"

"लिही, माय म्हणते जिवंत आहे."

"पुरावा?"

"मेल्याचा पुरावा घेतला होता का तू, भाऊ? दगड पाहूनच लिहिलं ना? मग आता हा पाहून लिही."

त्याने मोबाईलवर फोटो काढला आणि लिहिलं. फाईल पुन्हा उघडली आहे. त्यापुढे काही झालेलं नाही. इथलं पत्र तिथे जातं, तिथून उत्तर येत नाही. तो देश दार लावून बसला आहे, आणि बाहेरचे देश दारापाशी आपापला हिशेब बघत उभे आहेत. मुलगा परत येईल असं मी कोणाला सांगत नाही. मला माहीत नाही.

म्हणून गावातल्यांना सांगते, मासाला दोष देऊ नका आणि मलाही नास्तिक म्हणू नका. जे बाहेर गेलात त्यांना सांगते, जाताना पत्ता देऊन जा, आणि तुमच्याबद्दल काही ठरवण्याआधी कोणाला विचारायचं तेही घरी सांगून जा.

परतताना मासा बसच्या रस्त्यापर्यंत आला, बाप आला होता तसा. बापाने सांगितलं होतं की दगड इथंच लागेल. इतकी वर्षं गाव म्हणजे मला तेवढंच होतं, मेल्यावरची जागा. मी मासाला म्हटलं, माझी वेळ आली तर थांबू नका, माझा उभा करा. बिरजूचा आडवाच राहू द्या.

मासा खांदा चोळत म्हणाला, "राहू दे. आला की त्यालेच ओढायला लावतो नदीपर्यंत. आम्ही एकदा आणला, आता पुन्हा नाई उचलत."

घुग्घुसला माझी खोली आहे, शेवंता आहे, सामान आहे. पण बिरजूच्या वाट्याचं काम अजून राखून ठेवलंय ते त्या गावात. म्हणून आता विचारलं तर घर मी तेच सांगते.