निर्मलाच्या स्वर्गात माझं काय?

काल शिवडीच्या कबरस्तानात त्या पाळकाने मला उत्तर दिलं नाही.

आधी ही तक्रार. नमस्कार मग करते.

माझी शेजारीण निर्मला परवा गेली.

परळच्या आमच्या चाळीत तिची खोली आणि माझी खोली, मध्ये एक लाकडी पार्टिशन. तिने तिकडे लसूण ठेचला की वास माझ्या घरात. ती नगरकडची, जन्मापासून ख्रिस्ती. हॉस्पिटलात आया होती, तिथूनच रिटायर झाली.

मला तिचा पहिल्यापासून संशय. आणि तो काही चुकीचा नव्हता, एवढी चांगली वागणारी बाई दिसली की कुणालाही येईल.

नाताळला करंज्या द्यायची. मी आधी हुंगायची, मग कोपरा मोडून सारण बघायची, मग खायची.
चांगल्या असायच्या.
पुढच्या नाताळला परत हुंगायची.

माझ्या गणपतीचा प्रसाद मात्र ती घ्यायची नाही. माझं डोकं फिरायचं. पण पाहुणे जेवून उठले की मोरीत भांडी घासायला हीच बसलेली.

"प्रसाद चालत नाही, खरकटं चालतं?" मी म्हटलं.

"वहिनी, तोंड चालवताय तेवढ्यात नारळ खवून झाला असता."

अशी होती.

सकाळी नळाला पाणी यायच्या आधी ती प्रार्थना करायची. मोठ्याने. एक दिवस त्यात माझं नाव ऐकलं. सुलोचनावहिनी.

आमच्या कोकणात कुणी डोळे मिटून तुमचं नाव पुटपुटलं तर माणूस आधी उंबऱ्यापाशी लिंबू शोधतो. मीपण शोधलं.
नव्हतं.
मग तिच्या दारात जाऊन उभी राहिले.

"माझं नाव कशाला घेतलंस?"

"तुमच्यासाठी मागत होते."

"मला बाटवायचा डाव आहे ना?"

"डाव असता तर हळू बोलले असते."

"मग काय मागतेस ते सांग."

पोळीचं पीठ मळत होती. हात थांबवला नाही तिने.

"शेवटी आपण दोघी एकाच ठिकाणी असाव्यात. एवढंच."

मी घरी आले. आमटीत मीठ घालायचं विसरले. माझ्यासाठी हे फार आहे.

दुसऱ्या दिवशी मीच विषय काढला. तुमच्यात ते तारण तारण म्हणतात, ते नक्की काय?

ती म्हणाली, पापातून सुटका. आपल्या पुण्याईवर ती मिळत नाही. येशूने आपल्यासाठी जीव दिला, आपण विश्वासाने हात पुढे करायचा.

"फुकट?"

"फुकट."

"मग नक्की काहीतरी गडबड आहे. मला कुणी स्टीलचा डबा फुकट दिला तरी मी आधी बुडाला भोक बघते."

इतकी हसली की ठसका लागला.

"आणि माझे सोमवार, माझ्या संकष्ट्या? सगळं पाण्यात?"

"तसं नाही वहिनी. पण देव मोजून माया करत नाही. तो बाप आहे."

"माझा बाप मिलमधून पिऊन यायचा आणि दिसेल त्याला झोडायचा. असला बाप वर आणि कशाला?"

हसायची थांबली ती.
"तसला नाही, म्हणून तर सांगते," म्हणाली.

मला पटलं नाही. अजून पटलेलं नाही. पण हे वाक्य मला कुणी त्याआधी सांगितलं नव्हतं.

तरुणपणी निर्मला नळावर कुणाची बादली पुढे सरकू द्यायची नाही. पुढे पुढे अर्धी शिवी तोंडात यायची आणि गिळायची. मी विचारलं, घशात अडकत नाही का? म्हणाली, "अडकते. अजून विश्वासात वाढतेय मी."

"ह्या वयात फक्त कंबर वाढते," मी म्हटलं.

त्यावर आलेली शिवी मात्र तिने गिळली नाही.

आजारात तिचा आवाज बसला. मग मला पार्टिशनला कान लावावा लागायचा. नाव होतंच माझं. शेवटच्या सकाळीपण.

काल तिला माती दिली. मूठभर मीपण टाकली. पाळक म्हणाला, दुःख करू नका, जे प्रभूमध्ये आहेत ते सगळे पुन्हा भेटतील.

मी तिथेच विचारलं, "आणि जे नाहीत ते?"

बायका मला मागे ओढायला लागल्या. पाळक बिचारा तरुण आहे. म्हणाला, "आजी, रविवारी चर्चला या, बसून बोलू."

रविवारी या! भाजीवालापण मला असंच सांगतो, उद्या या, ताजी मेथी येणार आहे.

मला ताजं काही नको. मला एवढंच कळायला हवं की ती आणि मी भेटणार की नाही.

तिचं मागणं कुणी ऐकलं का, की नुसतं माझ्या पार्टिशनला लागून परत गेलं?

निर्मलाच सांगायची, देवाशी बोलायला मध्ये माणूस लागत नाही. ठीक आहे. तिच्यासारखी प्रार्थना मला येत नाही. आमच्या गावाला देवळात गाऱ्हाणं घालतात, ते येतं. तेच आज सकाळी तिच्या बंद दारासमोर उभी राहून घातलं.

बा देवा म्हाराजा, ही सुलोचना आज तुका गाऱ्हाणा घालता. निर्मला रोज तुझ्याकडे एकच मागणा मागी. ता तू ऐकलंस की नाय, ता माका सांग रे म्हाराजा.

जा निर्मले. नीट जा.

आता बाकीच्यांनी ऐका. गाऱ्हाणं घातलं की भोवतीचे सगळे "होय म्हाराजा" म्हणतात. तुम्ही कुणी म्हणायचं नाही. कॉमेंटमध्ये फुलं नकोत, जोडलेले हात नकोत. पाळकानेपण गप्प राहायचं.

तिने ज्याच्याकडे मागितलं, त्यानेच उत्तर द्यायचं.