आप्पांचा मोर्चा

बोटीवर गंज खरवडून काढावा, रंग मारावा, आणि पुढच्या ट्रिपला तो तिथेच पुन्हा हजर! आमच्या कंपूतल्या किश्श्यांचं तसंच आहे. सांगून संपले असं वाटतं, तेवढ्यात कोणीतरी चहाला येतं आणि म्हणतं, तो मोहितेचा सांग ना. मोहितेचा शेवटी सांगतो.

आम्ही म्हणजे नव्वदच्या दशकात सिंगापूरच्या बंदरातून नोकरी करणारे मरीन इंजिनीयर. कधी बोटीवर, कधी रिपेअर यार्डात, आणि कायम दमलेले. बोटीवरच्या माणसाचा जीव रिलीव्हरमध्ये अडकलेला असतो. बदलीच्या माणसाने येऊन चार्ज घेतल्याशिवाय बोट सोडता येत नाही, मग तुमचं काँट्रॅक्ट संपलेलं असो की घरी बाळ झालेलं असो. त्यामुळे भेटल्यावर "कसा आहेस?" असं आमच्यात कोणी विचारायचंच नाही. "रिलीव्हर आला का?" एवढंच.

*

आमच्यातला गोडबोले पुण्याचा, रविवारी किल्ले चढून मोठा झालेला. सिंगापुरात चढायला काही नाही, म्हणून त्याने इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धात जपान्यांना अडवायला बांधलेले पिलबॉक्स शोधून काढले. झाडीत बुडालेली काँक्रीटची बुटकी खोली, भिंतीत बंदुकीसाठी आडवी फट, बस्स. गोडबोले त्या फटीला जंगी म्हणायचा आणि त्या खोलीला किल्ला.

पहिल्याच रविवारी त्याने आम्हाला भर उन्हात एका पिलबॉक्समध्ये नेऊन चोरदरवाजा शोधायला लावलं. चोरदरवाजा सापडला नाही. सापडले झाडूवाल्याचे खराटे आणि वाळत घातलेला रेनकोट.

"म्हणजे नांदता किल्ला आहे," गोडबोले म्हणाला.

*

दुसऱ्या रविवारी मला झोपायचं होतं. पण गोडबोलेचा फोन आला. मी नाइलाजाने "पिलबॉक्सचं बघतो आज" म्हटलं, ते आमच्या हिने स्वयंपाकघरातून ऐकलं.

संध्याकाळी पाय ओढत घरी आलो, तर टेबलावर गोळ्या ठेवायची प्लॅस्टिकची डबी. सात कप्पे, सात वार. "बीपी आहे हे मला सांगायचंत तरी," म्हणून ती रडवेली झाली होती. समजावता समजावता माझं खरंच वाढलं असावं. ती डबी आजही वापरात आहे.

*

मोहिते बेडोकला राहायचा. दिवाळीत त्याच्या लेकीने, पूर्वाने, फ्लॅटबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये किल्ला केला. रविवारी बापाबरोबर हिंडून तिला किल्ला म्हणजे हेच माहीत, तेव्हा तिने केला चौकोनी ठोकळा, समोर एक फट. महाराजांना बसायला जागाच नाही!

शेजारची चिनी आँटी कौतुकाने वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "व्हेरी नाइस लाह! हाउ मेनी रूम?"

*

आता मोहितेचं. त्याचे वडील, आप्पा, साताऱ्याकडचे. महायुद्धात इंग्रजांच्या फौजेत होते. पण त्या दिवसांबद्दल घरात एकच वाक्य बोललेले: "सिंगापुरात मोर्च्यात होतो, मग कैदेत." लहानग्या मोहितेने त्याचा सरळ अर्थ लावला. मोर्चा आणि मग कैद, म्हणजे वडील झेंडा घेऊन घोषणा देत गेले आणि तुरुंगात पडले! त्याने शाळेत सांगितलं. हेडमास्तरांनी पंधरा ऑगस्टला आप्पांना स्टेजवर बोलावून स्वातंत्र्यसैनिक म्हणून शाल घातली. आप्पांनी शालीची घडी केली, नारळासकट टेबलावर ठेवली आणि घरी निघून गेले. त्यानंतर त्यांनी सिंगापूरचं नावही काढलं नाही.

हे मोहितेने आम्हाला एका पिलबॉक्सच्या छपरावर बसून सांगितलं. गोडबोलेने कपाळावर हात मारला.

"अरे, मोर्चे आधी बांधायचे असतात. काढायचे नंतर आले. मोर्चा म्हणजे लढायची जागा. आपण बसलोय तो मोर्चा!"

मोहिते हसला नाही. म्हणाला, त्यांना एकदा इथे आणतो. डोळे मिटायच्या आधी मला काहीतरी सांगू देत.

*

आप्पा आले. पंच्याहत्तरीचे, ताठ, गुडघे गेलेले. आम्ही त्यांना एकेक पिलबॉक्स दाखवायचो, ते मान हलवून चहा मागायचे. व्हिसा संपत आला आणि मोहिते हिरमुसला. त्याचं मला फार वाईट वाटलं.

शेवटच्या रविवारी ईस्ट कोस्टजवळ गेलो. तिथला पिलबॉक्स एके काळी अगदी किनाऱ्यावर होता. पुढे भराव घालून समुद्र लांब ढकलला, आणि आता जंगीसमोर कोणत्या तरी काँडोचा स्विमिंग पूल. आप्पा न विचारता वाकून आत शिरले. बराच वेळ फटीतून बघत राहिले.

"समुद्र कुठाय रे?"

"बुजवला, आप्पा."

"आम्हाला तर राखायला सांगितला होता," आप्पा म्हणाले.

मग ते बाहेरच येईनात. पूर्वाने हाक मारली, गोडबोलेने हात पुढे केला. आप्पा जागचे हलले नाहीत.

"बदली येतीय म्हणालते. बदली आल्याबिगर मोर्चा सोडायचा न्हाई."

त्या दुपारी तिथे रिलीव्हर म्हणजे काय हे कोणालाही समजावून सांगायची गरज नव्हती. मोहितेने घड्याळ पाहिलं, टोपी नीट केली, आत जाऊन त्यांच्या शेजारी उभा राहिला.

"आप्पा, मी आलोय. तुम्ही जा."

आप्पांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"पाणी आणलंस का?"

मोहितेने खांद्यावरची बाटली दाखवली. आप्पांनी तीही हातात घेऊन भरलेली आहे ना ते बघितलं, परत दिली आणि बाहेर येऊन गवतावर बसले. पूर्वाला म्हणाले, चहा कुठं मिळतो गं इथं?

आम्ही चहाला निघालो. मोहिते काही येईना. मी आत डोकावलो, तर तो पाठमोरा, तोंड जंगीला लावून स्विमिंग पूलकडे बघत उभा.

"चल की," मी म्हटलं.

"जरा थांब," तो म्हणाला. "आत्ताच चार्ज घेतलाय."