लणवडच्या नावातलं भोक

मैत्री गायकवाड मोडी वाचते, हे पिंपरीतल्या तिच्या वसाहतीत बरेच दिवस कुणाला खरं वाटत नव्हतं. एकतीस वर्षांची, जीन्स-कुर्ता घालणारी, स्कूटीवर फिरणारी ही मुलगी. आधी ती चाकणच्या एका गोदामात गाड्यांचे सुटे भाग स्कॅन करायची. गोदाम दुसरीकडे हललं, चाळीस जण घरी बसले, त्यात तीही. त्याच महिन्यात कुणीतरी मोडीच्या रविवारच्या वर्गाचं पत्रक दाखवलं. घरी बसून वेड लागण्यापेक्षा बरं म्हणून ती गेली, आणि तिसऱ्या रविवारी शिकवणारे सर म्हणाले, "तुझ्या डोळ्याला वळणं सापडतात." पुढं सरकारी दप्तरांतून कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं, मोडी वाचणारे मिळेनात, आणि मैत्रीचं नाव तहसीलच्या यादीत लागलं.

त्या यादीतूनच लणवड नगरपरिषदेनं तिला बोलावलं.

लणवड चाकण आणि महाळुंग्याच्या मधे आहे. आज चहूबाजूंनी कंपन्या, मधे कामगारांच्या खोल्या आणि सकाळ-संध्याकाळ कंपनीच्या बसची रांग. पण गाव फार जुनं. मोठी पेठ होती, वेशी होत्या, मोगलाईत त्याला मुबारकनगर म्हणत, असं म्हातारी माणसं सांगायची. नगरपरिषदेनं फाट्यावर नवी कमान बांधली आणि तिच्याखाली संगमरवरी पाटीवर गावाच्या नावाचा उगम कोरायचा ठराव केला. तिथंच गाव दुभंगलं.

जुन्या शेतकरी घरांचं म्हणणं, नाव लवणेश्वराच्या देवळावरनं पडलं. मूळ लवणवड, त्याचं झालं लणवड. बौद्ध वस्तीचं म्हणणं, मागच्या डोंगरात दोन लेणी आहेत, त्यावरनं लेणवड. देवळाइतकीच लेणीही खरी होती. मग एका बाजूला वाटायला लागलं की नावाच्या आडून डोंगर घ्यायचा बेत आहे. दुसऱ्या बाजूला वाटलं, नावाच्या आडून आपल्याला गावाच्या इतिहासातूनच पुसायचं आहे. मुबारकनगराचं नाव काढणाऱ्याकडे तर दोन्ही बाजू संशयानं बघायच्या.

पुरावा एकच होता. यशवंतराव पाटलांच्या घरी जुन्या कागदांचा एक रुमाल होता, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा. त्यातल्या सगळ्यात जुन्या, शिक्क्याच्या कागदावर गावाचं नाव होतं. यशवंतरावांनी तो कागद नगरपरिषदेच्या बैठकीत नेला, पण फोटो काढू दिला नाही. मोडी कुणालाच धड येत नव्हती. तरी एक निवृत्त तलाठी नावावर बोट ठेवून म्हणाला, "हे बघा, लवण." बौद्ध वस्तीतल्या तानुबाईचा मुलगा बुद्धरत्न महाळुंग्याच्या कंपनीत सुपरवायझर होता. त्यानं त्याच जागी बोट ठेवलं. "मात्रा दिसतेय. ले आहे." बोटावरून हातावर आलं, हातावरून गचांडीवर. शेवटी मुख्याधिकाऱ्यांनी ठरवलं, बाहेरचा वाचक आणायचा.

मैत्री आली तेव्हा फाट्यावर बुद्धरत्न उभा होता.

"ताई, तुम्ही आपल्याच. नीट वाचा."

यशवंतरावांच्या बंगल्याच्या व्हरांड्यात सतरंजी घातलेली होती. सत्तरीचा ताठ माणूस. त्यांनी तिला बसायला सांगितलं, पण रुमाल मांडीवरून हलवला नाही.

"गायकवाड म्हंजे कुठलं गायकवाड?"

"पिंपरीचे."

"आन् मूळचं?"

"आजोबा धाराशिवकडून आले. कंपनीत लागले. वडीलही तिथंच निवृत्त झाले."

"नाव काय वडलांचं?"

"साहेबराव."

यशवंतराव विचारात पडले. गायकवाड दोन्हीकडे असतात, साहेबराव दोन्हीकडे असतात. मग त्यांनी तिचं नाव पुन्हा एकदा मनात म्हटलं असावं, कारण त्यांचा चेहरा हळूहळू बंद झाला. "बरं. सरकारनं धाडलंय तुला. नीट वाच," ते म्हणाले.

तेच दोन शब्द तिला तासाभरात दुसऱ्यांदा ऐकायला मिळाले होते.

त्यांनी पुढं केलेला रुमाल तिनं सोडला. जुन्नरी हातकागद, शाई अजून काळीभोर. आधी आडवी रेघ ओढून तिला अक्षरं टांगलेली, शब्दाशब्दांत जागा नाही. ओळीवरून बोट न टेकवता डोळा फिरवत ती तिसऱ्या ओळीपर्यंत आली आणि थांबली. तिथं 'ल' होता. पुढं 'णवड' होतं. आणि 'ल' अन् 'ण'च्या मधे, वरच्या रेघेसकट, मसुराच्या दाण्याएवढं भोक होतं. मात्रा असेल किंवा 'व' असेल, जे काही होतं ते त्या भोकात गेलं होतं.

"काका, हे भोक आधीपासून आहे?"

यशवंतराव झुकले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "न्हाई. मीटिंगला नेला तवा न्हवतं. कसर लागली आसंल."

मैत्रीनं खालचा कागद उचलला. त्याला भोक नव्हतं. वरच्यालाही नव्हतं. कसर एका कागदावर थांबत नाही, पोखरत आरपार जाते. तिनं भिंग लावलं. भोकाची कड तपकिरी होती, बोट लावताच तिचा काजळीसारखा चुरा झाला.

"कसर नाही ही. जाळलंय."

"म्हंजे म्या जाळलं म्हणतीस?"

"मी फक्त काय दिसतं ते सांगतेय."

"माझ्या घरात, माझा कागूद, आन् म्याच जाळीन व्हय?" त्यांचा आवाज चढला. आतून त्यांची बायको शालनबाई चहा घेऊन आली. कप ठेवताना तिचं लक्ष कुणाच्या चेहऱ्याकडे नव्हतं, कागदाकडे होतं. तेवढ्यात यशवंतरावांचा फोन वाजला आणि ते बोलत अंगणात गेले. दहा मिनिटं मैत्री त्या रुमालाशेजारी एकटी होती. ही दहा मिनिटं तिला पुढं फार महाग पडली.

फाट्यावर पोचेपर्यंत बातमी तिच्या पुढं गेली होती. बुद्धरत्न तावातावानं म्हणाला, "बघितलंत? 'ले' होतं म्हणून जाळलं. लवण असतं तर फ्रेम करून लावलं असतं." पटण्यासारखं होतं. रस्ताभर स्कूटीवर मैत्रीलाही ते पटत होतं. पण संध्याकाळी तहसीलमधून एकाचा फोन आला. लणवडात बोललं जातंय, की पाटील फोनवर असताना त्या बाईनंच काहीतरी केलं. 'लवण' होतं, ते तिला नको होतं. भोक फोनच्या आधीच दिसलं होतं, हे कुणी सांगत नव्हतं.

घरी वडलांना सांगितलं. साहेबराव ऐकत होते. तीस वर्षं मशीनवर काढलेला, कमी बोलणारा माणूस. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "तिथं त्यांनी तुला दमदाटी केली का? भिऊन काही लपवत तर नाहीस ना?"

"बाबा, तुम्हीसुद्धा?"

"मी विचारलं फक्त."

ते विचारणं तिला लागलं. लणवडच्या लोकांचा राग येत होता, त्यापेक्षा जास्त याचं वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. काम अर्धवट ठेवायचं नव्हतं. या वेळी यशवंतराव हातभर अंतरावर बसले, आणि नगरपरिषदेचा एक शिपाईही. दोघं तिच्या बोटांकडे बघत होते. तिनं रुमालातला प्रत्येक कागद वाचला, प्रत्येक ठिकाणी गावाचं नाव कसं लिहिलंय ते वहीत उतरवलं. दुपारी हात धुवायला ती मागं गेली. तिथं मोठी चूल होती, पत्र्याची शेड होती, चाळीस-पन्नास ताटं पालथी घातलेली होती.

"मेस आहे का, काकू?"

"हुती," शालनबाई म्हणाली. "मी आन् बुद्धरत्नाची आई तानू, दोघी मिळून चालवायचो. कंपनीतली पोरं जेवायची. पंधरा वर्सं. हे नावाचं निगालं, तवापासनं तिची पोरं म्हणत्यात तिकडं पाय ठिवायचा न्हाई. आमच्याकडनंबी तसंच." तिनं तांब्यातलं पाणी मैत्रीच्या हातावर ओतलं आणि खाली बघत विचारलं, "आता ते आक्षर कुणालाच वाचता यायचं न्हाई ना?"

मैत्रीनं ओल्या हातानं तिच्याकडे बघितलं. यशवंतरावांनी विचारलं असतं तर त्यात काळजी किंवा कावा दिसला असता. या प्रश्नात सुटल्यासारखा सूर होता.

"नाही येणार," ती म्हणाली.

शालनबाईनं मान हलवली आणि ती ताटं उगाचच सरळ करायला लागली. मैत्री त्या दिवशी काही बोलली नाही. खात्री नव्हती, आणि नुसत्या संशयावर एका बाईचं नाव घ्यायचं, तर गावात आणि आपल्यात फरक काय, असं तिला वाटलं.

आठवड्यानं नगरपरिषदेच्या सभागृहात बैठक भरली. पुढं पुरुष, मागं भिंतीला टेकून बायका. मैत्रीनं अहवाल वाचायला घेतला. शिक्क्याच्या कागदावरचं अक्षर नुकतंच जळालेलं आहे, त्यामुळे ते वाचता येत नाही. याच रुमालातल्या दुसऱ्या कागदांवर गावाचं नाव एके ठिकाणी लेनवड आहे, एके ठिकाणी लवनवड, दोन ठिकाणी कसलीही मात्रा नसलेलं लणवड, आणि एका ठिकाणी मुबारकनगर उर्फ लणवड. बाकी सगळीकडे लिहिणाऱ्यानं नुसतं 'कसबे मजकूर', म्हणजे सदर गाव, असं लिहून वेळ मारून नेली आहे. त्या काळी कानाला आलं तसं लिहीत. एवढ्यावरून उगम सिद्ध होत नाही.

मग दोन्हीकडून एकदम आवाज उठला.

"सगळ्यांना खूश करायला आलीय का?"

"आधी सांगा, जाळलं कुणी?"

"पाटील फोनवर असताना हिच्याजवळ होता कागद! हिलाच विचारा!"

बुद्धरत्न उभा राहिला. तिच्या बाजूनं बोलेल असं तिला वाटलं. तो म्हणाला, "ताई, तुम्हाला कुणी जाळलं ते माहीत असेल तर बोला. गप्प बसलात तर आम्ही काय समजायचं?"

मैत्रीनं अहवालाचा कागद टेबलावर ठेवला. माहीत आहे म्हणावं तर पुरावा नाही, नाही म्हणावं तर खोटं. तेवढ्यात मागून बायकांमधनं कुणीतरी पुढं यायला लागलं.

"त्या पोरीकडं कशाला बगताय?" शालनबाईनं डोक्यावरचा पदर घट्ट धरला होता. "म्या जाळलं. देवाला लावलेली उदबत्ती हुती, तीच टेकवली."

"काय लिहिलं होतं तिथं, काकू?" मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं.

"मला साधं मराठी आडकळत येतं, साहेब. ह्ये कुठलं वाचणार? ज्यो त्यो तिथंच बोट ठिवायचा. आमच्या घरात येऊनबी तिथंच. म्हणून तिथंच टेकवली."

"पण का?"

तिनं मागं वळून बघितलं. भिंतीजवळ तानुबाई बसली होती. "तानू माझ्या दारात यायची बंद झाली म्हणून," शालनबाई म्हणाली. "म्हटलं, आक्षरच न्हाई राह्यलं तर भांडताल कशावरनं."

मैत्री यशवंतरावांकडे बघत होती. पहिल्या दिवशी तिनंही त्या माणसावर संशय घेतला होता. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी खुर्चीचा हात चाचपला आणि ते बसले, आणि बसल्यावरही बायकोकडेच बघत राहिले. त्यांना काहीच माहीत नव्हतं, हे स्वच्छ दिसत होतं.

पण ते सगळ्यांना दिसलं नाही. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालंच, "नवऱ्याला वाचवायला बोलतेय." आणि दुसरा म्हणाला, "शिकवून आणलंय." तेव्हा तानुबाई उठली. ती दमानं चालत आली, शालनबाईच्या दंडाला धरलं आणि भर सभेत म्हणाली, "येडे, आक्षर काय जाळतीस? मला बोलावलं असतंस तर रुमालच चुलीत घातला असता दोघींनी." काही जण हसले. बुद्धरत्न खाली बघायला लागला. सभा तिथंच मोडली.

यशवंतराव महिनाभर बायकोशी बोलले नाहीत. पण तिच्यावर ओरडलेही नाहीत, आणि रुमाल त्यांनी स्वतः बांधून सरकारी अभिलेखागारात जमा केला. लोकांनी त्याचाही अर्थ काढला. मैत्रीवर दोन तक्रारी गेल्या. एकीत ती आपल्या लोकांसाठी सत्य लपवते असं होतं, दुसरीत ती पाटलांच्या दबावाखाली होती असं. दोन महिने तहसीलनं तिला बोलावलं नाही. मग नोंदींचे गठ्ठे साचले आणि पुन्हा फोन आला. कमानीवर 'लणवड नगरपरिषद आपले स्वागत करीत आहे' एवढंच रंगवलं गेलं. उगमाची संगमरवरी पाटी कोरीच राहिली.

मेस पुन्हा सुरू झाली. मैत्री एकदा चाकणला जाताना मुद्दाम वळली आणि जेवली. पिठलं, भाकरी, ठेचा. शालनबाईनं वाढलं, तानुबाईनं आग्रह केला. सेकंड शिफ्टची पोरं घाईनं खात होती, नावाविषयी कुणी काही बोललं नाही.

निघताना तानुबाई स्कूटीपर्यंत आली. मागं वळून शालनबाई शेडमध्येच आहे ना हे तिनं बघितलं, आणि आवाज एकदम खाली आणला.

"पोरी, आता आपल्यातलं म्हणून सांग. तुला दिसलं हुतं ना? लेणंच हुतं ना ते?"

"मावशी, खरंच नाही माहीत. मी बघितलं तेव्हा भोकच होतं."

तानुबाईनं तिच्या डोळ्यांत रोखून बघितलं. मग तिच्या गालाला हात लावून ती म्हणाली, "बरं. नको सांगूस."

आणि ती ताटं घासायला आत गेली.