इस्तारीचा उंच ट्रक

इस्तारीच्या लेखी जगात दोनच जातींची माणसं होती : स्टिअरिंगमागे बसलेली आणि उरलेली. उरलेल्यांत त्याचा बापही आला. मूल गावाजवळच्या तलावात कमरेइतक्या पाण्यात उभं राहून त्या बापानं जन्मभर जाळं टाकलं, आणि इस्तारीच्या मते जन्मभर काहीच केलं नाही. लढाईच्या दिवसांत इस्तारी कामठीला पळाला, लष्कराच्या लॉऱ्या धुता धुता त्या चालवायला शिकला, आणि खाकी शर्ट घालून परतला तेव्हा मासळीचा वास येणाऱ्या भाऊबंदांशी हिंदीत बोलू लागला.

लष्करानं मोडीत काढलेला एक ट्रक भैयाजी नावाच्या लाकूड-ठेकेदारानं लिलावात घेतला आणि त्यावर इस्तारीला बसवलं. काम एकच : अहेरीपलीकडच्या जंगलातून सागाचे ओंडके आणायचे. वाट म्हणजे बैलबंड्यांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या, आणि मधे धोंडे नि तोडलेल्या झाडांची खुंटं. एकाच उन्हाळ्यात दोनदा ट्रकचं पोट खुंटाला घासून ऑइलचा चेंबर फुटला. भैयाजींनी पानाची पिचकारी टाकली आणि म्हणाले, "अजून एकदा फुटला का नागपूरचा डायव्हर आणतो. तू जाय मासोऱ्या धरायले."

ते शेवटचं वाक्य इस्तारीच्या घशात काट्यासारखं अडकलं. तो अहेरीला बाबुलाल मिस्त्रीकडे गेला. बाबुलाल बंडीच्या चाकांना धावा बसवणारा लोहार. मोटारी येऊ लागल्यापासून लोक त्याला मिस्त्री म्हणत आणि तो म्हणू देई.

"ट्रक उंच कर," इस्तारी म्हणाला.

"किती?"

"वीतभर."

"उंच केला का डुलते, बाबू."

"तू धावा ठोक. कमानीचं मले समजते."

दोघांनाही बेताचंच समजत होतं. तरी काम झालं. ट्रक जॅकवर चढवून खाली ओंडके रचले. गंजलेले यू-बोल्ट सुटेनात, ते छिन्नीनं तोडले. प्रत्येक कमानीत, म्हणजे चाकावरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगमध्ये, एक जाड पाटा वाढवला; कमान आणि एक्सल यांच्यामध्ये ऐनाच्या लाकडाचे ठोकळे सारले, आणि भट्टीत वाकवलेल्या लांब बोल्टांनी सगळं आवळलं. जॅक काढला तेव्हा ट्रक पाण्यात उभ्या बगळ्यासारखा दिसत होता. बगळा निदान मासे तरी धरतो.

इस्तारीला आता उडी मारून आत चढावं लागे. ते त्याला आवडलं. काही कारण नसताना त्यानं बाजारातून दोन चकरा मारल्या. मग तो जंगलात शिरला, आणि खरोखरच एकही खुंट पोटाला लागलं नाही. पैज जिंकल्यासारखा चेहरा करून तो तोडीच्या जागेवर पोचला.

तिथे हमालांचा मुकादम उमाजी उभा होता. त्यानं ट्रक पाहिला, मग धक्का पाहिला.

"हे का करून आणलं गा?"

"उंच केला."

"ते दिसून राह्यलं. धक्का कोन उंच करन?"

जंगलात ओंडके उचलून कोणी भरत नसे. उताराची माती कापून धक्का केलेला असे. ट्रक मागे लावला की त्याच्या हौद्याची फळी आणि धक्का एका पातळीत येत, आणि पहारीच्या रेट्यानं ओंडका घरंगळत आत जाई. या जंगलातले सारे धक्के याच ट्रकच्या फळीच्या मापानं बांधलेले होते. इस्तारी कित्येक हंगाम इथून माल नेत होता, पण भरणी चालू असताना तो कधी खाली उतरला नव्हता. हमालांकडे पाठ करून सीटवर बिडी ओढत बसणं, यालाच तो डायव्हरपण समजत असे. आता फळी धक्क्याच्या वर वीतभर उभी होती.

"उचला ना मग. हात नाई का तुमाले?"

"हात हायेत. हत्ती नाई," उमाजी म्हणाला, आणि हमाल सावलीत जाऊन बसले.

रिकामा ट्रक घेऊन परतणं म्हणजे नागपूरच्या डायव्हरला स्वतःच्या हातानं सीट झाडून देणं. इस्तारीनं फावडं मागितलं. मागच्या चाकांसाठी त्यानं एकट्यानं खड्डे खणले. हमाल बघत होते, मदत कोणी केली नाही. ट्रक खड्ड्यात उतरला, फळी धक्क्याला आली, ओंडके भरले गेले. मग इस्तारीनं गाडी सुरू केली. चाकं जागच्या जागी फिरली, माती उडवत आणखी खोल गेली, आणि शेवटी मागचं एक्सल जमिनीवर टेकलं.

दुसऱ्या दिवशी भैयाजी बैलांच्या दमणीत बसून आले. माल उतरवून रेड्यांच्या जोड्यांनी ट्रक ओढून काढला. इस्तारी फावडं हातात धरून मालकाच्या शिव्यांची वाट पाहत उभा राहिला. भैयाजी ट्रकभोवती फिरले, मान वर करून बघत राहिले.

"दुरून दिसन हा," ते म्हणाले. "लोकायले समजन, ठेकेदाराचा ट्रक आहे. ठेवा असाच. सारे धक्के वर उचला."

"माती कोन टाकन, मालक?" उमाजीनं विचारलं.

भैयाजींनी आजूबाजूला पाहिलं. फावडं एकाच माणसाच्या हातात होतं.

नागपूरचा डायव्हर पोळ्यानंतर आला. इस्तारी खाकी शर्ट घालूनच धक्क्यावर मातीची टोपली उचलत असे. नव्या माणसानं ट्रक धक्क्याला लावताना दोनदा पुढे-मागे केला, तेव्हा इस्तारी तुच्छतेनं उमाजीला म्हणाला, "त्याले रिव्हर्सच येत नाई."

"खालची माती चेप," उमाजी म्हणाला.