समुद्राच्या बाई

कुठलाही ओढा, नदी, डबकं दिसलं की बाई वाकायच्या, ओंजळभर पाणी नाकाशी न्यायच्या, मग ते फेकून म्हणायच्या, "हं. माणसं राहतात वाटतं इथं."

'माणसं' हा शब्द त्या ज्या सुरात म्हणत, त्या सुरात आपण 'झुरळं' म्हणतो.

जन्मभर त्यांनी किनाऱ्यावरच्या चिखलात उभं राहून शिंपले आणि गोगलगाई तपासल्या. त्यांच्या अंगात आपलं कुठलं विष किती साठतं, हा त्यांचा अभ्यास. निवृत्तीनंतर त्या तळेगावला आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला आल्या. समुद्र सोडून डोंगरात कशा आलात, असं मी विचारलं.

"घाणीचं शेपूट खूप पाहिलं," म्हणाल्या. "आता तोंड बघते."

स्टाफरूममध्ये डबे उघडले की त्यांना हटकून एक गोष्ट आठवायची. जहाजांच्या बुडाला शेवाळ धरू नये म्हणून पूर्वी एक रंग लावत. त्यातल्या विषानं समुद्री गोगलगाईंच्या माद्यांना नराची इंद्रियं फुटली आणि अंडी घालणं बंद झालं. मराठीच्या सरांचा घास हातातच राही. "लाजताय काय?" बाई विचारायच्या. "रंग लावणारे लाजले नाहीत."

एका वर्षी किनारी प्रदूषणावरची परिषद भरली ती लोणावळ्याच्या पुढं, कुरवंड्याच्या वाटेवरच्या रिसॉर्टमध्ये. समुद्राची परिषद डोंगरावर का, हे तुम्ही विचारू नका. तिथं धुकं छान असतं. प्रत्येक टेबलावर प्लास्टिकची बाटली होती आणि बाटलीवर 'सागर वाचवा' असं छापलेलं होतं. जेवणात पापलेट होतं. ते सागरातून वाचवून आणलं असावं.

समारोपाचं भाषण बाईंचं होतं. जेवणाच्या सुट्टीत त्या मागच्या दारानं बाहेर पडल्या. मी त्यांच्यामागं गेलो. भिंतीपलीकडं ओढा होता आणि जवळच्या वाडीतली एक मावशी त्यात दगड उलथत होती.

"काय शोधताय?"

"खेकडं. औंदा एक बी घावंना. पान्याला लय वास येतो, बाई. पोरांच्या अंगावर फोड उठल्यात."

बाई रेशमी साडीनिशी पाण्यात उतरल्या. दगडामागून दगड उलथत वर गेल्या, थेट रिसॉर्टच्या भिंतीतून आलेल्या पाइपापर्यंत. तिथं त्यांनी ओंजळ धरली, नाकाशी नेली आणि तशाच माघारी वळल्या.

ओल्या साडीनंच त्या व्यासपीठावर चढल्या. "भिंतीपलीकडं एक ओढा मेलाय. त्याचं पाणी इंद्रायणीला जातं, पुढं भीमेला, कृष्णेला, आणि मग बंगालच्या उपसागराला. किनाऱ्याचे अभ्यासक ना तुम्ही? मग चला. किनारा इथूनच सुरू होतो."

टाळ्या जोरात पडल्या. मग सगळे चिक्की घ्यायला गेले.

मॅनेजर मात्र धावत आला. "मॅडम, आमची सांडपाण्याची टाकी एकदम स्टँडर्ड आहे."

"मग त्यातलं प्या."

त्यानंतर दर रविवारी बाई रिसॉर्टच्या रिसेप्शनमध्ये जाऊन बसू लागल्या. शेजारी ओढ्याच्या पाण्यानं भरलेली बादली. मी स्कूटरवरून त्यांना सोडायचो. कपाळावर गॉगल चढवलेले पाहुणे नाक दाबून विचारत, "हे काय आहे?"

"तुमचंच आहे," बाई सांगत. "सकाळचं."

मॅनेजरनं आधी कॉफी देऊ केली, मग दरीकडची खोली फुकट देऊ केली, मग पोलिसांची भीती घातली. "बोलवा की," बाई म्हणाल्या. "त्यांनाही नाक असेलच."

पावसाळा संपता संपता त्यांचा खोकला वाढला. तपासण्या झाल्या आणि जे नको होतं तेच निघालं. डॉक्टरांनी त्यांना दवाखान्यातच ठेवून घेतलं. त्या रविवारी रिसेप्शनमधली त्यांची जागा रिकामी राहिली, आणि मॅनेजरनं म्हणे स्टाफला पेढे वाटले.

पेढ्यांची बातमी वाडीत पोचली आणि पुढच्या रविवारी वाडीतल्या बाया आल्या. प्रत्येकीच्या हातात बादली. वॉचमन आडवा आला तेव्हा मावशी म्हणाली, "बाई आजारी हायती. आमी त्यांच्या बदली आलोय." त्या सगळ्या फरशीवर ओळीनं बसल्या. दुपारपर्यंत निम्मे पाहुणे खोल्या सोडून गेले. परिषदेतल्या सगळ्या विद्वानांना जमलं नव्हतं, ते त्या वासानं केलं. थंडीत नवी टाकी बांधून झाली.

मी दवाखान्यात जाऊन सांगितलं. बाईंचा चेहरा बोटभर उरला होता.

"टाकी बांधली की नुसता पाइप वळवला?"

"बांधली."

"तू बघितलीस?"

"बघितली. आत उतरून."

त्यांनी माझा हात ओढून नाकाशी नेला. वास घेतला आणि तो तसाच धरून ठेवला. बराच वेळ. एवढ्या वर्षांत त्यांनी कुणाचा हात धरलेला मी पाहिला नव्हता.

उन्हाळ्याआधीच बाई गेल्या. श्रद्धांजलीच्या सभेत परिषदवाले आले होते आणि छान बोलले.

पुढच्या पावसात मी ओढ्यावर गेलो. मावशी होतीच. तिनं एक दगड उचलून दाखवला. खाली काळपट खेकडी होती. पोटाखाली मोहरीएवढी पिल्लं वळवळत होती.

"पिल्लंवाली हाय. हिला न्हाई धरायची," म्हणत तिनं दगड अलगद जागच्या जागी ठेवला. बाई गेल्याचं वाडीपर्यंत पोचलंच नव्हतं. ओले हात पदराला पुसत ती म्हणाली, "बाईंना सांगा बरं का."

मी सांगतो म्हणालो.