चांद न दिसलेल्या संध्याकाळचं दूध

दोन वर्षांपूर्वी ईदसाठी मी बारामतीहून बावड्याला फुफीकडे गेले होते. फुफी म्हणजे वडिलांची मोठी बहीण. एकटी राहते. ईदच्या सकाळी तिचा शीरखुर्मा आळीतल्या प्रत्येक घरी जातो, एकही घर सुटत नाही.

दुसऱ्या दिवशी ईद असेल असं धरून, एकोणतिसाव्या रोजाच्या संध्याकाळी शेजारच्या आबांनी डेअरीला न घालता दोन्ही म्हशींचं दूध तिला आणून दिलं. आणि चांद दिसलाच नाही. ईद एक दिवस पुढे गेली. त्यात सकाळी गावची विजेची डीपी जळालेली, त्यामुळे फ्रिज नुसता कपाटासारखा उभा होता.

"उद्याचं दूध लग्नघरी कबूल केलंय," आबा कुंपणापलीकडून म्हणाले. "तुमच्या चांदानं आधी कळवायला पायजे हुतं."

"चांद काय डेअरीचा सचिव हाय, टायमावर यायला?" फुफी म्हणाली. "ऱ्हाऊ द्या. हेच टिकवते."

तिने दूध उकळलं. मोठ्या परातीत पाणी घेऊन त्यात पातेलं ठेवलं. जुन्या सुती साडीचा तुकडा भिजवून पातेल्याभोवती गुंडाळला, टोकं परातीच्या पाण्यात सोडली, आणि सगळं ओसरीवर वाऱ्याच्या तोंडाशी मांडलं. सकाळी पातेल्याला हात लावला तर ते खरोखर गार होतं. पुन्हा उकळून तिने ते तसंच ठेवलं.

दुपारी ती जरा आडवी झाली. ओसरीवर गरम झळा येत होत्या. मला वाटलं, या झळांत दूध तापणार. मी सगळं उचलून आतल्या अंधाऱ्या खोलीत नेलं, खिडकी लावली, दार लोटून घेतलं. बाष्पीभवनाचा धडा मी शाळेत इंग्रजीत पाठ केला होता, त्यात चांगले मार्कही होते. तेव्हा त्यातलं काही आठवलं नाही.

तीनच्या सुमारास फुफी दार उघडून आत आली. पातेलं कोमट झालं होतं. आम्हा दोघींचाही रोजा होता, म्हणजे चाखून बघायची सोय नाही. तिने झाकण काढून वास घेतला, मग पुन्हा एकदा, बराच वेळ घेतला. मी भिंतीला टेकून उभी होते. मीच आत आणलं, हे सांगायलाही मला जमत नव्हतं.

"वारा न्हाय तितं फडकं वाळतच न्हाय," ती शांतपणे म्हणाली. "आन् वाळल्याबिगर गार कसं व्हईल? उचल त्या कडेनं."

आम्ही दूध चुलीवर नेलं, उकळलं, पुन्हा ओसरीवर मांडलं. संध्याकाळपर्यंत फडकं ओलं ठेवण्याचं काम तिने मला दिलं. दर थोड्या वेळाने मी तांब्याने पाणी ओतत राहिले. ओल्या फडक्यावरून झळ गेली की मागचं पातेलं गार लागायचं. हे तिला कुठल्याही धड्याशिवाय माहीत होतं.

ईदच्या पहाटे तिने पातेलं चुलीवर ठेवलं. मी दुधावरून नजर हलवली नाही. कडेला बारीक बुडबुडे आले, साय थरथरली, आणि दूध एकसंध वर चढलं. फाटलं नाही. फुफीने खजूर आणि शेवया पुढे ओढल्या.

खुर्मा झाल्यावर पहिला डबा तिने माझ्या हातात दिला. "आबांकडं तू जा. सांग, तुमचंच परवाचं दूध हाय."

अनोळखी उंबऱ्यावर जाऊन बोलणं मी नेहमी टाळते. त्या दिवशी गेले, आणि सांगितलं.